आण्णांची लीव्हर रायफल माझ्या नावावर होताना

आमच्या घरात परवान्यावरची दोन हत्यारं. एक बाराबोरी दुनळी, शेताच्या राखणीसाठी घेतलेली. दुसरी पॉइंट टू-टूची लीव्हर रायफल, म्हणजे घोड्याखालची कडी खाली-वर करून काडतूस भरणारी. आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हाताला कंप सुटला तेव्हा एका दिवाळीत त्यांनी सांगून टाकलं, "आता माझ्याच्यानं हे सांभाळणं होत नाही. तुला पाहिजे ते ठेव, बाकीचं विकून टाक." दुनळी ठेवावी, रायफल ठेवावी, की दोन्ही विकून नवी टू-टू घ्यावी, हे ठरवायला आणि ठरल्यावर ते कागदावर उतरवायला बराच काळ गेला. सोलापुरात या विषयावर मराठीत नीट सांगणारा माणूस सहज सापडत नाही, म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

पहिली गोष्ट शिकारीची, कारण लीव्हरची टू-टू म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न तोच असतो. ही बंदूक मुळात त्याच कामासाठी बनली. अमेरिकेत खारी आणि ससे मारायला आजही लोक ती निवडतात, तिथे त्याचे हंगाम ठरलेले आहेत, परवाने मिळतात. आपल्याकडेही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला छोट्या शिकारीचा वेगळा परवाना होता. 1991 च्या दुरुस्तीनं ते सगळे परवाने रद्द झाले आणि शिकारीवर सरसकट बंदी आली. ससा, तित्तर, लावा, काहीही मारता येत नाही, आपल्या स्वतःच्या बांधावरसुद्धा नाही. आण्णांनी तरुणपणी माळावर ससे मारलेत, ते लपवत नाहीत. पण त्यांनी स्वतःहून सोडलं, आणि नान्नजला माळढोकसाठी अभयारण्य झालं तेव्हा "उशीर केला सरकारनं" असं म्हणणारे गावात ते एकटेच होते. मला या बाबतीत तडजोड मान्य नाही. एका मित्रानं विचारलं, "का बे, एवढी टू-टू घेऊन ससा पण नाही मारायचा?" नाही मारायचा. सोलापूरच्या माळरानावर आता उरलंय तरी किती.

डुकरांचा प्रश्न वेगळा. रानडुकरं रात्रीत मक्याचा फड आडवा करतात आणि शेतकऱ्याचा जीव खालीवर होतो, हे मी डोळ्यांनी बघतो. त्यासाठी वनखात्याच्या अधिकाऱ्याकडून रीतसर परवानगी घ्यावी लागते. परवानगी मिळाली तरी टू-टू त्या कामाची नाही. तिच्या काडतुसातली गोळी 40 ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या थोडी वर. डुक्कर जखमी होऊन उसात शिरणार, तडफडत मरणार किंवा माणसावर उलटणार. शिवाय ही शिशाची गोल टोकाची गोळी आपल्या मुरमाड, दगडी जमिनीवर फार उसळते, आणि मोकळी सुटली तर दीड किलोमीटरच्या पुढे जाते. हलकी बंदूक म्हणून तिला हलक्यात घेणारा माणूस मला धोकादायक वाटतो.

मग ठेवायची कशासाठी? निशाणेबाजीसाठी. हे उत्तर एकदा मनाशी पक्कं झालं आणि पुढची निवड सोपी झाली. दुनळी बाद.

आता आण्णांची रायफल ठेवायची की नवी घ्यायची. ही मार्लिन कंपनीची 39-ए. नळीवर न्यू हेवनचा शिक्का. हे मॉडेल 1939 पासूनचं. आण्णांनी ती रेल्वेतल्या एका निवृत्त अधिकाऱ्याकडून रीतसर परवान्यावर घेतली होती. ऐंशीच्या दशकात बंदुकांची आयात जवळपास बंद झाली, त्यामुळे आपल्याकडे अशा विलायती टू-टू आहेत त्या जुन्याच, या हातातून त्या हातात फिरणाऱ्या. किमतीही त्यामुळेच चढ्या. दुकानदार नाव सांगतो आणि आकडा सांगतो. मी म्हणेन, नाव बाजूला ठेवा आणि नळीत बघा.

मी ती एका परवानाधारक दुकानातल्या जुन्या मिस्त्रीकडे नेली, अर्थात आण्णांना बरोबर घेऊन, कारण परवाना त्यांच्या नावावर होता. या मिस्त्रीला सगळे चाचा म्हणतात. चाचांनी आधी लीव्हर उघडून चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा, रिकामं आहे का ते पाहिलं, मग करंगळीचं टोक घालून पुन्हा पाहिलं. या बंदुकीत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या बारीक नळीत एकामागे एक बसतात, लाँग रायफल या टू-टूच्या नेहमीच्या लांब जातीची 19. ती नळी रिकामी केली तरी एखादं काडतूस आत पाळण्यात, म्हणजे ते उचलून चेंबरपाशी नेणाऱ्या भागात, अडकून राहू शकतं. म्हणून लीव्हर दोन-तीनदा पूर्ण चालवून बघायचं, बोटानं चाचपायचं. भरताना आतली नळी तोंडाकडून वर ओढावी लागते, म्हणजे हात नळीच्या तोंडाजवळ जातो. आधी चेंबर रिकामं, मगच हात पुढे. चाचा हे सांगताना आवाज चढवून सांगतात, आणि ते बरोबरच आहे.

मग त्यांनी उजव्या बाजूचा मोठा स्क्रू हातानंच फिरवून बंदूक दोन तुकड्यांत मोकळी केली. 39-ए ची ही मोठी सोय. बहुतेक लीव्हर बंदुका तोंडाकडूनच साफ कराव्या लागतात आणि वर्षानुवर्षं गज घासून नळीचं तोंड झिजतं. ही मागून साफ करता येते. चाचांनी भिंग लावून चेंबरची कड दाखवली. वरच्या बाजूला नखाएवढीही नसेल अशी एक खाच होती. टू-टूच्या काडतुसाची स्फोटक दारू बुडाच्या मधोमध नसते, कडेच्या वळलेल्या काठात असते. पिन त्या काठावर आपटते. काडतूस नसताना कोणी सारखा घोडा पाडला तर पिन थेट चेंबरच्या कडेवर बसते आणि असा चरा उठतो. मग उडालेल्या काडतुसाची रिकामी टोपी अडकते, आणि ती बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरला दोष दिला जातो. "खाच छोटी आहे, दाबून बसवतो," चाचा म्हणाले. "पण आत एक कडंपण आहे बघा." चेंबरमध्ये पुढे काजळीचं कडं जमलं होतं. आधीच्या मालकानं यात आखूड शॉर्ट काडतुसं भरपूर उडवली असणार. ती चालतात, पण त्यांच्या पुढे राहिलेल्या जागेत काजळी चढत जाते आणि नंतर लांब काडतूस घट्ट बसतं. चांगल्या सॉल्व्हंटनं ते कडं निघालं. त्याखाली लोखंड खाल्लेलं नव्हतं. खाल्लेलं असतं तर मी ही बंदूक ठेवली नसती, आण्णांची असली तरी.

नव्याचा पर्याय म्हणजे बंगालमधल्या इच्छापूरच्या सरकारी कारखान्याची बोल्टवाली टू-टू, म्हणजे दांडा मागे-पुढे करून भरायची. मी ती हाताळून पाहिली. साधी, मजबूत, सुटे भाग मिळण्याची शक्यता जास्त. आणि एक खरा फायदा: पालथं झोपून नेम धरताना बोल्ट जागेवरच चालवता येतो. लीव्हर खाली उघडते, त्यामुळे ती जमिनीला किंवा वाळूच्या पिशवीला अडते, प्रत्येक बाराला बंदूक उचलावी लागते आणि बैठक मोडते. ज्याला स्पर्धेत उतरायचंय त्यानं लीव्हरचा विचारच करू नये. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं, त्या खेळातली रायफल याच टू-टूच्या काडतुसाची असते, पण ती जातच वेगळी. माझ्या पुतणीला त्याच्यामुळे ओढ लागली आहे. तिला मी 4.5 मिलिमीटरची एअर रायफल घ्यायला सांगितलं. गोळीचा जोर 20 ज्यूलपर्यंत असेल तर अशा रायफलला परवाना लागत नाही आणि पायाही तिथेच पक्का होतो.

कोणी मॅग्नमची टू-टू सुचवली तर एवढं ध्यानात असू द्या: तिचं काडतूस लांबही असतं आणि जाडही. साधं लाँग रायफल काडतूस तिच्या चेंबरमध्ये ढिलं बसतं आणि टोपी फाटू शकते. नाव जवळजवळ सारखं असल्यानं हा घोळ होतो.

मला स्पर्धा खेळायची नाही. उभं राहून आणि टेबलावर टेकून 50 मीटरवर कागद फोडायचा, एवढंच. त्याला मार्लिन पुरेशी आहे, तिला वेगळा सेफ्टी खटका नसला तरी. तिचा घोडा अंगठ्यानं धरून हळूच अर्ध्या खाचेवर, म्हणजे तो मध्येच अडकून राहतो तिथे, आणायचा सराव मात्र रिकाम्या बंदुकीवर नीट करून घ्यावा लागला. काडतूस मी साधं, सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास जाणारं वापरतो. जास्त वेगाच्यापेक्षा त्याचे बार माझ्या बंदुकीत जवळजवळ पडतात, आवाजही कमी होतो.

आता परवाना. 2016 च्या शस्त्र नियमांत वारसाहक्काची सोय आहे. परवानाधारक गेल्यावर तर वारसाला अर्ज करता येतोच, पण तो हयात असतानाही, त्याला 70 वर्षं पूर्ण झाली किंवा हत्यार 25 वर्षं त्याच्याकडे असलं, तर तो वारसदाराचं नाव सुचवू शकतो. हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं. मग म्हातारा माणूस गेल्यावर बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते आणि तिथेच गंजत पडते. आण्णा समोर बसून सही करू शकत होते, म्हणून अर्धी कटकट वाचली.

आमचं गाव मोहोळ तालुक्यात, आण्णांचा परवाना जिल्हाधिकारी कार्यालयाचा. मी राहतो जुळे सोलापूरला, म्हणजे शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत. अर्ज माझ्या पत्त्यावरून, माझ्या हद्दीत करायचा होता. एका खिडकीवर मला उलटं सांगितलं गेलं आणि हेलपाटे झाले. नंतरच्या अधिकाऱ्यांनी नियम काढून दाखवला. कागद असे लागले: आण्णांचं संमतीपत्र, भावाचं आणि लातूरच्या बहिणीचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र, वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, घरात बंदूक कुठे आणि कशी बंद राहील याची हमी. आण्णांच्या परवान्याला यूआयएन, म्हणजे प्रत्येक परवानाधारकाला मिळणारा ओळख क्रमांक, आधीच होता. नसता तर तिथेच अडलं असतं. आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाच्या नावावर दोनच हत्यारं राहू शकतात, वारशानं आलेलं धरून.

पोलीस ठाण्यातून चौकशीला आलेल्या हवालदारांनी विचारलं, "कशाला पाहिजे?" मी सांगितलं, वडिलांची आहे आणि रेंजवर निशाणेबाजीला पाहिजे. त्यांनी शेजाऱ्यांना विचारलं, कपाट बघितलं, काडतुसांचा डबा वेगळ्या कुलपात आहे का ते बघितलं. बायकोनं त्यांच्यासमोरच विचारलं की कपाटाची किल्ली कोणाकडे राहणार. माझ्याकडे, आणि दुसरी कोणाकडेच नाही, हे तिथेच ठरलं.

अर्जात एक गोष्ट विसरू नका: परवान्याची हद्द. ती जिल्ह्यापुरती असेल तर पुण्याला बालेवाडीच्या रेंजवर बंदूक नेता येणार नाही. मी कारण लिहून राज्यभराची मागितली, मिळाली.

मधेच विधानसभेची निवडणूक आली. 20 नोव्हेंबर 2024 ला मतदान, त्याआधी हत्यारं जमा करायची नोटीस. जमा करताना पावतीवर बंदुकीचा क्रमांक स्वतः ताडून घ्या, आणि रेक्झिनच्या जाड कव्हरात घालून देऊ नका. आत ओल धरते. मी नळीला आतून-बाहेरून तेलाचा हात देऊन सुती कापडात गुंडाळून दिली. परत आली तेव्हा दस्त्यावर एक ओरखडा होता, लोखंड साफ होतं.

रायफल आता माझ्या परवान्यावर चढली आहे आणि आण्णांच्या परवान्यावरून तिची नोंद कमी झाली आहे. दोन्ही नोंदी झाल्याची खात्री करा, एकावर राहून गेली तर पुढच्या नूतनीकरणाला प्रश्न येतो. दुनळी अजून आण्णांच्याच नावावर आहे. तिच्यासाठी गावाकडचा एक शेतकरी तयार आहे, त्याचा परवाना मंजूर झाला की व्यवहार करू.