व्हॅसलवरचा डाव आणि 1.10 चा उलगडा

पुसदच्या मावसभावासोबत (त्याला मी दादा म्हणतो) व्हॅसल या संगणकावर पटावरचे खेळ खेळण्याच्या प्रोग्रामवर चाललेला आमचा युद्धखेळ कापूस वेचणीमुळे पंधरा दिवस थांबला होता. रविवारी तो पुन्हा मांडला, तेव्हा दादाने पाठवलेल्या सेव्ह फाइलमधील चार सोंगट्या माझ्या पटावर कोऱ्या दिसल्या आणि मॉड्यूलची, म्हणजे त्या खेळाचा पट आणि सोंगट्यांची चित्रे असलेल्या फाइलची, आवृत्ती जुळत नसल्याचा इशाराही आला. माझ्याकडे 1.9 आणि दादाकडे 1.10, म्हणजे माझीच आवृत्ती नवी, असे मी धरून चाललो होतो.

शाळेतल्या दशांश अपूर्णांकांची सवय येथे घात करते. आवृत्तीतील टिंब हे दशांशचिन्ह नसून त्याच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र पूर्णांक असतात. डावीकडचे सारखे निघाले की उजवीकडचे ताडून पाहायचे, आणि दहा हे नवापेक्षा मोठे असल्यामुळे 1.10 ही 1.9 नंतरची ठरते.

फाइलच्या नावावर विसंबणेही मी आता सोडले आहे, कारण एकच मॉड्यूल माझ्याकडे तीन नावांनी साठलेले होते. व्हॅसलची व्हीमॉड फाइल, म्हणजे मॉड्यूलची फाइल, मुळात झिप असते, म्हणजे अनेक फाइली एकत्र दाबून ठेवलेली एक फाइल. साध्या नोटपॅडमध्ये उघडल्यास तिची पहिली दोन अक्षरे ‘पीके’ अशी दिसतात. 1989 मध्ये पीकेझिप हा झिप फाइली बनवणारा प्रोग्राम तयार करणाऱ्या फिल कॅट्झ यांच्या नावाची ती आद्याक्षरे आहेत. प्रत काढून तिचे एक्स्टेन्शन झिप केले आणि ती उघडली, की आत मॉड्यूलडेटा नावाची लहानशी एक्सएमएल (साध्या मजकुराची) फाइल सापडते आणि मॉड्यूलचे नाव व आवृत्ती तिच्यात लिहिलेली असते.

मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट पुढची आहे. व्हीसॅव्ह, म्हणजे सेव्ह केलेला डाव, हीसुद्धा झिपच असून तिच्यातही मॉड्यूलडेटा असतो. त्यामुळे समोरच्याने डाव कोणत्या आवृत्तीवर मांडला, हे त्याला न विचारता कळते. दादाच्या फाइलमध्ये स्पष्ट 1.10 होते. सोंगट्या कोऱ्या का दिसल्या, तेही मग उमगले: डावात सोंगटीचे वर्णन आणि चित्राचे केवळ नाव साठवलेले असते, प्रत्यक्ष चित्र मॉड्यूलमधून घेतले जाते, आणि ती चार चित्रे 1.9 मध्ये नव्हतीच.

आमच्या गावात नेटवर्क जेमतेम असल्याने दादाने 1.10 ची फाइल पेन ड्राइव्हमध्ये घालून पुसदच्या एसटीने येणाऱ्या शेजाऱ्यासोबत पाठवली. काल रात्री तोच डाव उघडला, तेव्हा चारही सोंगट्यांवर तोफखान्याची चिन्हे उमटली होती.