एकमेकांना हाकलणारे दोन सर्व्हर

महापे एमआयडीसीतल्या एका डेटा सेंटरमध्ये दोन नवे लिनक्स सर्व्हर आयस्कझीवरून (नेटवर्कवरून डिस्क वापरण्याची पद्धत) सामायिक डिस्कांच्या स्टोरेज अ‍ॅरेला जोडायचे होते. प्रत्येकाला दहा गिगाबिटचे दोन पोर्ट, दोन वेगळे स्विच, दोन वेगळे सबनेट. अ‍ॅरेच्या दोन्ही कंट्रोलरवर केबल. पहिला सर्व्हर सुरळीत जोडला गेला: डिस्कव्हरी, लॉगिन, मल्टिपाथ (एकाच डिस्ककडे जाणारे अनेक मार्ग, म्हणजे पाथ, एकत्र बांधणं), माउंट. त्यावर डेटाबेसचा बॅकअपही सुरू झाला. दुसऱ्याचं लॉगिन झालं मात्र, पहिल्याच्या डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) ‘डिटेक्टेड कॉन एरर १०२०’ अशा ओळी धावू लागल्या. काही सेकंदांत पहिला परत जोडला गेला, तोवर दुसरा तुटलेला. मग उलट. ‘मल्टिपाथ -एलएल’ दर वेळी वेगळं चित्र दाखवत होतं, आत्ता चारही पाथ ‘अ‍ॅक्टिव्ह रेडी’, पुढच्या क्षणी ‘फेल्ड फॉल्टी’.

अशा वेळी सगळ्यांचा पहिला संशय जंबो फ्रेमवर (नेहमीपेक्षा मोठ्या पाकिटांवर) जातो, आणि तो चुकीचा नसतो. सर्व्हर आणि अ‍ॅरेवर एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार, बाइटमध्ये) ९००० असेल आणि मधल्या स्विचचा एखादा पोर्ट १५०० वर राहिला असेल, तर डिस्कव्हरी आणि लॉगिन छान होतं, कारण ती पाकिटं लहान असतात. खरं रीड-राइट सुरू झालं की अडतं. तपासणी सोपी: ‘पिंग -एम डू -एस ८९७२’. यातला एम कॅपिटल. ९००० मधून आयपी हेडरचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट वजा केले की ८९७२ उरतात, आणि ‘डू’मुळे पाकीट मध्ये कुठे तोडलं जात नाही. दोन्ही सर्व्हरवरून, दोन्ही कार्डांवरून, सगळ्या पोर्टलना (स्टोरेजच्या आयस्कझी पत्त्यांना) पिंग व्यवस्थित गेला. नेटवर्कवाले म्हणाले, ‘‘स्विचवर एकही सीआरसी एरर नाही, हवं तर येऊन बघा.’’

खरा धागा एररच्या आकड्यात होता. एमटीयूचा घोटाळा असला की इनिशिएटरच्या (जोडणी मागणाऱ्या सर्व्हरच्या) पाच सेकंदांच्या नॉप-पिंगला (जोडणी जिवंत आहे का, हे विचारणाऱ्या संदेशाला) उत्तर येत नाही आणि १०२२ येतो. १०२० म्हणजे समोरच्याने टीसीपी कनेक्शन स्वतःहून बंद केलं. (जुन्या कर्नलवर दोन्हीला १०११च दिसतो, तिथे हा फरक कळत नाही.) मग प्रश्न नेटवर्कचा उरत नाही, अ‍ॅरे हाकलतोय का, एवढंच बघायचं.

अ‍ॅरेच्या लॉगमध्ये ‘सेशन रीइन्स्टेटमेंट’च्या नोंदींची रांग होती. दोन्ही सर्व्हरवर ‘/ईटीसी/आयस्कझी/इनिशिएटरनेम.आयस्कझी’ उघडून पाहिली, तर आयक्यूएन (आयस्कझीतलं सर्व्हरचं नाव) अक्षरन् अक्षर सारखा. दोन्ही सर्व्हर एकाच टेम्प्लेटवरून क्लोन केलेले, आणि टेम्प्लेट बनवताना आयस्कझीचं पॅकेज आधीच टाकलेलं.

आयस्कझीत सेशनची ओळख इनिशिएटरचं नाव, आयएसआयडी (इनिशिएटर सेशनला देतो तो ओळख क्रमांक) आणि टार्गेटचा (ज्याला जोडायचं त्याचा) पोर्टल ग्रुप यांवरून ठरते. तिन्ही जुळून नवं लॉगिन आलं, तर हा तोच सर्व्हर रीबूट होऊन परत आलाय असं समजून टार्गेटने जुनं सेशन बंद करायचं, हे आयस्कझीच्या नियमावलीत, आरएफसी ७१४३ मध्येच लिहिलंय. ओपन-आयस्कझी (लिनक्सवरचं इनिशिएटर सॉफ्टवेअर) आयएसआयडी सेशनच्या क्रमाने देतो, त्यामुळे सारख्याच क्रमाने लॉगिन करणाऱ्या दोन सर्व्हरचे आयएसआयडीही जुळतात. म्हणजे अ‍ॅरे नियमाप्रमाणेच वागत होता.

याची खूण खरं तर आधीच मिळाली होती. दुसऱ्या सर्व्हरची नोंद करताना अ‍ॅरेने ‘हा आयक्यूएन आधीपासून आहे’ असं सांगितलं होतं, आणि कुणीतरी आधीच केलं असेल या समजुतीने दुसऱ्याचा लन (त्याला द्यायची डिस्क) पहिल्याच्याच होस्ट-नोंदीला मॅप झाला. त्यामुळे दोन्ही लन दोन्ही सर्व्हरना दिसत होते. तुटातुटीपेक्षा मला हे जास्त भीतीदायक वाटतं. एक्सएफएस किंवा ईएक्सटी४ क्लस्टर फाइलसिस्टिम (अनेक सर्व्हर एकाच वेळी लिहू शकतील अशा) नाहीत. दुसऱ्याने पहिल्याचा लन माउंट केला असता, तर दोघांनी एकमेकांना न कळता लिहिलं असतं आणि फाइलसिस्टिमचा चिवडा झाला असता. म्हणून पहिलं काम: दुसऱ्यावर काहीही माउंट न करता ‘आयस्कझीएडीएम -एम नोड -यू’ देऊन सगळी सेशन बंद.

मग दुसऱ्यावर ‘आयस्कझी-आयनेम’ चालवून आलेलं नवं नाव त्या फाइलमध्ये ‘इनिशिएटरनेम=’ पुढे घातलं आणि आयस्कझीडी (मागे सतत चालणारा आयस्कझीचा डीमन) रीस्टार्ट केला. हा रीस्टार्ट विसरला तर डीमन जुनंच नाव वापरत राहतो. अ‍ॅरेवर नवा होस्ट, नवा आयक्यूएन, त्याचा लन फक्त त्याला. हे न करता लॉगिन केलं, तर अ‍ॅरेनुसार एकतर २४ नंबरचा ऑथरायझेशन एरर येतो, नाहीतर लॉगिन होतं पण लन दिसत नाही. शेवटी ‘आयस्कझीएडीएम -एम सेशन -पी ३’ने कुठल्या सेशनवर कुठली डिस्क आली ते ताडून पाहिलं. इथला पी कॅपिटल. स्मॉल पी म्हणजे पोर्टलचा पत्ता.

क्लोनबरोबर ‘/ईटीसी/मल्टिपाथ’मधल्या ‘बाइंडिंग्ज’ आणि ‘डब्ल्यूडब्ल्यूआयडीज’ (डिस्कांची नावं आणि ओळखी ठेवणाऱ्या) फाइलीही आल्या होत्या, त्या दुसऱ्यावर साफ केल्या. नेटवर्कवरून एनव्हीएमई डिस्क वापरणाऱ्यांनी ‘/ईटीसी/एनव्हीएमई/होस्टएनक्यूएन’ही बघावी, तिथे हाच घोळ होतो.

सर्व्हर हाताशी होतेच, म्हणून केबल काढूनही पाहिली. एक केबल काढल्यावर लिहिणं दोन मिनिटं थिजलं: रिप्लेसमेंट टाइमआउट (तुटलेलं सेशन परत जुळण्याची वाट पाहण्याची मुदत) मूळच्या १२० सेकंदांवर होता. मल्टिपाथ असेल तर तो ५ करावा, म्हणजे आयओ लगेच दुसऱ्या पाथवर जातं. मात्र ‘आयस्कझीडी.कॉन्फ’ बदलून आधी सापडलेल्या टार्गेटना फरक पडत नाही. त्यांच्या नोड रेकॉर्डमध्ये ‘-ओ अपडेट’ने बदल करून लॉगआउट-लॉगिन करावं लागतं. एफएसटॅबमध्ये (माउंटच्या यादीत) ‘_नेटडेव्ह’ (डिस्क नेटवर्कवर आहे ही खूण) नव्हतं, तेही घातलं. नाहीतर रीबूटला नेटवर्क येण्याआधीच माउंटचा प्रयत्न होऊन सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये अडकू शकतो.