एका वहीवर उभी राहिलेली पागा

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत २००३ साली वडिलांनी एक मारवाडी घोडी घेतली. रंगाने कुमैत, चारही पाय आणि कपाळ पांढरं, म्हणजे पंचकल्याणी. ते वरातीला घोडी द्यायचे. मला मात्र शिंगरं तयार करायची होती. शेताच्या कडेला पत्र्याची पागा बांधली, आणखी एक घोडी आणली आणि धंदा सुरू झाला.

खरा जम बसला तो २००७ साली राजस्थानातल्या तिलवाड्याच्या मेळ्यातून आणलेल्या नरामुळे. कानांची टोकं एकमेकांना टेकलेली, मान कमानीसारखी, आणि रेवाळ चाल अशी की वर बसलेल्याच्या हातातलं पाणी हलू नये. घोड्या लावायला दोन-तीन तालुक्यांतून लोक येऊ लागले. त्याच्या मुली देखण्या निघाल्या, म्हणून त्या विकल्या नाहीत. वयात आल्यावर त्यांनाही तोच नर लावला. जाणती माणसं म्हणायची, असं केलं की गुण पक्के होतात. ते खोटं नव्हतं, रंग आणि कान हुबेहूब उतरत होते.

२०१३ साली अशा चार घोड्या लावलेल्या होत्या. दोन रिकाम्या राहिल्या, एकीने आठव्या महिन्यात गर्भ टाकला. चौथी पहाटे व्याली. निरोगी शिंगरू तास-दीड तासात उभं राहून आचळ शोधतं. हे दुपारपर्यंत गवतावरच पडून होतं, पुढचे गुडघे सरळच होईनात. आम्ही चीक पिळून बाटलीने पाजला. बायको रात्रभर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. तिसऱ्या दिवशी ते गेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "याचा बाप कोण?" मी सांगितलं. "आणि याच्या आईचा बाप?" माझं उत्तर तेच होतं.

एका शिंगरावरून ठाम बोलता येत नाही, असं ते म्हणाले. पण कागद घेऊन त्यांनी मला समजावलं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक सदोष असली तरी बहुतेक वेळा दुसरी सांभाळून घेते. बाप-लेकीच्या संबंधातून झालेल्या शिंगरात कुठल्याही जागी दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीतून आलेल्या असण्याची शक्यता २५ टक्के, सावत्र भावंडांच्या शिंगरात १२.५ टक्के. म्हणजे गुण पक्के होतात तसे दोषही पक्के होतात. नेदरलँड्सच्या काळ्याभोर फ्रीजियन घोड्यांत एकेकाळी मोजकेच नर उरले होते. आज त्या जातीत खुजेपणाचा आणि डोक्यात पाणी साठण्याचा आनुवंशिक आजार आढळतो.

मग मी नवं रक्त शोधायला निघालो, आणि खरी अडचण तिथे कळली. यात्रेत पसंत पडलेल्या नराची वंशावळ पाहिली, तर आजोबा आमच्याच नराचा बाप. दुसऱ्या वर्षी आणखी एक पाहिला, पुन्हा तेच नाव. गाजलेल्या चार-दोन नरांकडेच सगळ्यांची धाव, त्यामुळे गावं कितीही लांब असली तरी रक्त एकच. त्यात देशातले घोडे आणि तट्टं २०१२ च्या पशुगणनेत सव्वासहा लाखांच्या घरात होती, ती २०१९ मध्ये ३.४ लाखांवर आली. अशा वेळी न गाजलेला पण वेगळ्या घराण्यातला नर मला लाखमोलाचा वाटतो. आम्ही असे तीन नर मिळवले. त्यातला एक रंगाने साधा, देवमण म्हणजे मानेवरचा शुभ मानला जाणारा भोवराही नाही; यात्रेत त्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नव्हतं.

पागेची वही तेव्हापासून आहे. एका पानावर एक घोडी आणि तिच्या पाच पिढ्या. घोडी आणि नर दोघांच्या पिढ्यांत एकच नाव आलं की तो जोड लावायचा नाही. कागदाबद्दल शंका आली तर डीएनए तपासून घेतो. आमच्या नराची नात कोणी त्यालाच लावायला आणली, तर पैसे परत करतो. अशी गिऱ्हाइकं तुटली, दोन वर्षं ओढाताणीची गेली. पण घोड्या पहिल्यासारख्या रिकाम्या राहत नाहीत. तिसऱ्या दिवशी शिंगरू गमावलेली ती घोडी २०१६ साली त्या साध्या रंगाच्या नरापासून व्याली. पाऊण तासात शिंगरू उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहून आईच्या पोटाशी गेलं.

तिलवाड्याचा नर आता म्हातारा झालाय, कडुलिंबाखाली बांधलेला असतो. वहीत त्याच्या पानावर त्याच्या सगळ्या मुलींची आणि नातींची नावं तांबड्या शाईने लिहिली आहेत. घोड्यांची निगा राखणारा नवा मोतद्दार कामाला आला की खरारा हातात देण्याआधी मी त्याला ते पान वाचायला देतो.