नागासाकीहून, गोराईकरांसाठी

घरून फोन आला की एक प्रश्न ठरलेला असतो: "तिथं जाऊन तू लोकांना शिकवतोस तरी काय?" वांद्र्याच्या मोतमावलीच्या जत्रेत भेटणारी ओळखीची माणसंही आईला हेच विचारतात. शिकवण्याचं काम अजून माझ्या वाट्याला आलेलं नाही. मी ब्रदर आहे, फादर व्हायला अवकाश आहे, आणि जपानी भाषा अजून पुरती तोंडात बसलेली नाही. तरी दिवस गच्च भरलेला असतो, आणि देवाच्या इतक्या जवळ मी मुंबईत कधी नव्हतो.

पहाटेच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, पोचावं तर डोक्यावर पांढरा नेट घेतलेल्या आज्या आधीच माळ म्हणत बसलेल्या असतात. मिस्सा झाली की त्यांच्याबरोबर देऊळ (म्हणजे चर्च) झाडायचं, फुलदाण्यांचं पाणी बदलायचं. मग दुपारपर्यंत भाषेचा वर्ग. संध्याकाळ फिलिपिन्स आणि व्हिएतनामहून कामाला आलेल्या तरुण मुलामुलींची. कुणी वृद्धाश्रमात काम करतं, कुणी कारखान्यात. कुणाबरोबर दवाखान्यात जायचं, कुणाला सरकारी फॉर्म भरायला मदत करायची, कुणाचं नुसतं ऐकून घ्यायचं.

मला लिहायचंय ते मात्र नागासाकीच्या उराकामी भागातल्या एका आजींबद्दल. नागासाकी डोंगरउतारावर वसलेलं आहे, कित्येक घरांपर्यंत गाडी जातच नाही, नुसत्या पायऱ्या. आजारी माणसांना कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, द्यायला फादर निघाले की मी सोबत जातो. आजींनी आम्ही यायच्या आधीच स्टुलावर पांढरा कपडा अंथरून मेणबत्ती लावून ठेवलेली असते. हातात लाकडी मण्यांची माळ, काही मणी बोटांनी झिजून चपटे झालेले. ९ ऑगस्ट १९४५ ला अणुबॉम्ब पडला तेव्हा त्या लहान होत्या आणि गावाबाहेर नातेवाइकांकडे होत्या, म्हणून वाचल्या. उराकामीच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) तेव्हा साधारण १२,००० माणसं होती, त्यांतली ८,५०० च्या आसपास गेली. आजी त्याबद्दल फारसं बोलत नाहीत. कम्युनियन घेतल्यावर डोळे मिटून बसतात, आणि आम्हीही बसतो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कुणी काही बोलत नाही.

आपल्याकडे प्रार्थना म्हणजे गलबला. मे महिन्यात गावच्या क्रुसासमोर सगळा पाडा जमतो, पोरं पुढे, बायका खड्या आवाजात गाणार, शेवटी चणे वाटणार. मला ते फार प्रिय आहे आणि अजून आठवतं. पण या खोलीत बोलायला माझ्याकडे शब्दच नव्हते, म्हणून मी गप्प बसायला शिकलो. देव ऐकतोय हे मला आधी माहीत होतं, आता ते जाणवतं. रात्री एकटा माळ धरतो तेव्हाही आता घाई होत नाही.

या आजींचे पूर्वज दोनशेहून जास्त वर्षं फादरांशिवाय ख्रिस्ती राहिले. १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली, पुढे एकही धर्मगुरू उरला नाही. गावातलाच एक जण बाप्तिस्मा द्यायचा, एक जण सणवारांचा हिशेब ठेवायचा. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीतल्याच ओउराच्या नव्या देवळात उराकामीची काही माणसं फ्रेंच फादरांपुढे आली आणि आमचं मन तुमच्यासारखंच आहे म्हणाली. अशा लोकांत येऊन मी शिकवणार ते काय!

आणि इथं आपलाही एक माणूस आहे. निशिझाकाच्या टेकडीवर ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रुसावर चढवलं, त्यांत वसईचा गोन्सालो गार्सिया होता. तोही फादर नव्हता, फ्रान्सिस्कन संघाचा ब्रदर होता. जपानी उत्तम यायची, म्हणून जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यापुढे फ्रान्सिस्कन फादरांचं बोलणं तोच पोचवायचा. क्योतोहून ऐन थंडीत त्यांना इथवर चालवत आणलं. सगळ्यांत धाकटा लुदोविको बारा वर्षांचा होता. १९६२ साली तिथं २६ जणांचे कांस्य पुतळे एका ओळीत उभे केले. कुणाचं तरी बोलणं कुणापर्यंत नेऊन पोचवायचं, हे मी दवाखान्यात करतो ते काम गोन्सालोचंच आहे. माझ्यासाठी त्याची मध्यस्थी रोज मागतो.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. मुंबईच्या देवळांत मागच्या बाकांवर झारखंड, छत्तीसगड, ओडिशाहून घरकामाला आलेल्या मुली बसतात. मिस्सा संपली की त्या मुकाट्यानं निघून जातात. येत्या रविवारी त्यांच्यातल्या एकीशी थांबून बोला. नाव, गाव विचारा, घरी चहाला बोलवा. जमलं तर आपले तळलेले फुगे आणि खुडीचा रस्सा खायला घाला. इथल्या मुलांना असं कुणी बोलावलं की त्यांचे चेहरे कसे फुलतात, ते मी बघतो.

माझी भाषेची परीक्षा जवळ आली आहे. माळेत आठवण ठेवा. आणि आईला सांगा, आपला घरचा बॉटल मसाला संपत आलाय.