‘मेड्यूसाचा तराफा’: तपकिरी थर वाळला, आता वारा

फुटलेल्या ‘मेड्यूसा’ या फ्रेंच जहाजातली माणसं तराफ्यावर तरताहेत, त्या फ्रेंच चित्रकार थिओडोर जेरिकोच्या चित्राची मी प्रत करतोय; तिचा तपकिरी पहिला थर हाताला सुका लागतोय. मूळ कॅनव्हास ४९१ × ७१६ सेंमी. बाजारातला ३६ × २४ इंची त्या प्रमाणात किंचित लांब होतो, म्हणून डावीकडची इंचभर पट्टी टेपने झाकून टाकलीय.

माणसांची शरीरं अवघड जातील असं वाटलं होतं, पण खरा पेच वाऱ्याचा आहे. शीड डावीकडे फुगलंय, तिकडूनच मोठी लाट उभी राहतेय. आणि सगळी माणसं मात्र उजवीकडे, वर झेपावताहेत. म्हणजे वारा तराफ्याला सुटकेपासून लांब नेतोय. त्यांना वाचवणारं ‘आर्गस’ जहाज क्षितिजावर इतकं बारीक आहे की माझ्या आकारात ते शून्य नंबरच्या ब्रशचं एक टेकवणं. आधीच्या कच्च्या रेखाटनांत जेरिकोने ते मोठं काढलं होतं, मग लहान केलं. बरं केलं. जुलै १८१६ मध्ये ते जहाज आधी दिसेनासं झालं आणि दोनेक तासांनी परत आलं. तराफ्यावर चढलेल्या सुमारे १४७ जणांपैकी तेरा दिवसांनी १५ उरले होते. (इतक्या उपासानंतर असे पिळदार दंड कुठून आले, हे चित्रकारालाच विचारायला हवं.)

सावल्यांचं आधीच ठरवलं होतं. जेरिकोने बिट्युमेन (डांबरासारखा गडद रंग) वापरलं. ते धड वाळत नाही, काळं पडतं, भेगा पाडतं. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातल्या मूळ चित्राचा आजचा काळोख काही अंशी त्याचाच. मी बर्न्ट अंबर (तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (निळा) मिसळून गडद केलं, टर्पेंटाइनने पातळ ठेवून. काळ्या ट्यूबला हात लावला नाही. खालचा थर असा कमी तेलाचा, वरच्या थरांत जवसाचं तेल वाढवत न्यायचं.

त्वचेसाठी यलो ऑकर, पांढरा आणि चिमूटभर टेरे व्हर्ट. हिरवट छटा मेलेल्यांना पुरते; वर कापड हलवणाऱ्या पाठमोऱ्या माणसाला ऊबदार तपकिरी हवा. त्या माणसासाठी जेरिकोसमोर जोसेफ नावाचा मॉडेल बसला होता. पालथ्या पडलेल्या तरुणासाठी चित्रकार देलाक्रवा मॉडेल झाला होता, तो तरुण मात्र अजून नुसता बाह्यरेषेत आहे.

पुढच्या बैठकीत आधी शीड आणि डावीकडची लाट, एकाच ओल्या रंगात. शिडाच्या कडेला प्रकाश किती जाड लावावा? ज्यांनी तैलरंगात कापड केलंय त्यांनी सांगा.