डबे तुमचे, भट्टी आमची : आमच्या बेकरीची वाटचाल

ठाण्यात नाताळ कसला, त्यासाठी वांद्र्याला नाहीतर वसईला जावं, असं म्हणणारे लोक मला अजून भेटतात. त्यांना मी सरळ जांभळी नाक्याकडे पाठवतो. तलावपाळीच्या जवळ सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च आहे. ठाण्यात फ्रान्सिस्कन पंथाचे ख्रिस्ती साधू मारले गेले ते १३२१ साली, म्हणजे पोर्तुगीज यायच्याही कितीतरी आधी. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, पोर्तुगीज गेले, पण इथली ख्रिस्ती कुटुंबं इथेच राहिली. आमच्या बेकरीचा डिसेंबर याच घरांच्या जिवावर चालतो, त्यामुळे हे मला तोंडपाठ आहे.

दुकान १९७८ चं. वडील एका इराण्याच्या बेकरीत हिशेब लिहायचे आणि उस्ताद तिथल्या भट्टीवर होते, आझमगडचे. दोघांनी मिळून गाळा घेतला. पैसा वडिलांचा, हात उस्तादांचे, नफा निम्मा-निम्मा. कागद कधी केला नाही आणि भांडणही कधी झालं नाही. आजकाल भागीदारीच्या करारावर वकिलाला जेवढे पैसे जातात, तेवढ्यात आमची पहिली मैद्याची पोती आली होती.

भट्टी विटांची, घुमटासारख्या छताची, डाव्या अंगाला लाकडं जाळायची जागा. रात्री पेटवायची, निखारे ओढून काढायचे, ओल्या गोणपाटाने आतली फरशी पुसायची आणि आधी लादी पाव लावायचा. सात-आठ फुटी दांड्याचं लाकडी फावडं उस्ताद असं मारायचे की पत्रा मागच्या भिंतीला अलगद टेकायचा, आवाज नाही. पावाला धग लागते, केकला ऊब. पाव निघाल्यावर भट्टी उतरायला लागली की चिमूटभर मैदा फरशीवर टाकून बघायचे. लगेच करपला तर थांबायचं, सावकाश तांबूस झाला तर केक लावायचा. केक निघाले की उरलेल्या उबेवर नानकटाई आणि रात्रभर टोस्ट. एका जाळावर चार माल निघायचे. थर्मामीटर मी घेतला तो उस्ताद गावी गेल्यावर, आणि तोही मुलगा मागे लागला म्हणून.

दिवाळीत नानकटाईचे पत्रे घेऊन बायका बेकरीसमोर रांग लावायच्या, हे ठाण्यातल्या प्रत्येकाला आठवतं. डिसेंबरात रांग तीच, फक्त हातात केकचे डबे. घरी ओव्हन नव्हते आणि एकेका घरात सात-आठ केक व्हायचे, कारण शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटायचे असतात. मिश्रण घरून कालवून आणायचं, भाजून आम्ही द्यायचं, डब्यामागे पैसे. डबे तरी किती तऱ्हेचे! ॲल्युमिनियमची भांडी, बिस्किटांचे पत्र्याचे डबे, डालड्याचे कापलेले डबे. आत लोणी फासलेला कागद, वर फडकं. अदलाबदल होऊ नये म्हणून वडिलांनी पत्र्याचे जोडबिल्ले पाडून घेतले होते, नंबर ठोकलेले. एक बिल्ला तारेने डब्याच्या कानाला, दुसरा गिऱ्हाइकाच्या हातात. ते बिल्ले अजून वापरात आहेत. सतरा नंबरची जोडी फुटली, म्हणून सतरा नंबर कुणाला मिळत नाही.

यातल्या सगळ्यात पक्क्या गिऱ्हाईक म्हणजे चर्चमागच्या आंटी. शाळेत शिकवायच्या. अंडी तराजूत ठेवून त्यांच्या वजनाइतकं लोणी, तेवढीच साखर, तेवढाच मैदा. त्यात ऑक्टोबरपासून रममध्ये भिजलेले बेदाणे, खजूर, संत्र्याची साल. सुकामेवा मैद्यात घोळवून टाकायच्या, म्हणजे तळाला बसत नाही. ‘‘पोरा, माझा डबा डावीकडे लावू नकोस,’’ हे दर वर्षी. जाळ डावीकडे असतो हे त्यांना आमच्या पोरांपेक्षा आधी कळलं होतं. केक झाला का हे बघायला त्या नव्या खराट्याची हीर धुऊन, पुसून पर्समधून आणायच्या. काडी कोरडी निघाल्याशिवाय डबा हलू द्यायच्या नाहीत. उस्ताद जगात कुणाचं ऐकायचे नाहीत, त्यांचं ऐकायचे.

१९९१ ला मी गल्ल्यावर बसलो. पुढची वीस-बावीस वर्षं ठीक गेली, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

२०१५ ला समोर केकचं काचेचं दुकान आलं. नाव घेत नाही, ठाणेकरांना कळेल. आत थंडगार एसी, पोरांना टोप्या, आणि डिसेंबरात एका प्लम केकवर दुसरा फुकट. तो केक मी विकत आणून कापून पाहिला. सुकामेवा म्हणजे टुटीफ्रुटी, म्हणजे रंगवलेली कच्ची पपई. वरची चेरी म्हणजे पाकातलं करवंद. त्यात वाईट काही नाही, आम्हीही वापरतो, पण सांगून. रंग मात्र बाटलीतला. केकचा काळसर रंग जाळलेल्या साखरेचा हवा. साखर कढईत कोरडी जाळायची, धूर सुटून काळी झाली की लांब उभं राहून कडेने उकळतं पाणी सोडायचं. गार पाणी टाकलंत तर हात भाजून घ्याल.

त्यांनी आमचे दोन कारागीर पळवले. मग धुराची तक्रार झाली. कुणी केली ते कागदावर नव्हतं, पण आमची चिमणी समोरून जेवढी दिसते तेवढी कुठूनच दिसत नाही. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात महिनाभर फिरलो. प्रत्येक साहेब टेबलावरची आमचीच खारी खात होता आणि मला पुढची तारीख देत होता.

त्यातून वर आलो नाही तोच ८ नोव्हेंबर २०१६. पाचशे-हजाराच्या नोटा गेल्या. नाताळाचा लोणी-मैदा भरायची वेळ नेमकी तीच. जांभळी नाक्यावरचे व्यापारी वर्षानुवर्षं उधार देणारे, त्यांनीही हात वर केले, कारण त्यांच्याकडेच सुटे नव्हते. आमच्याकडे कार्डाचं मशीन नव्हतं, समोर दोन होती. संध्याकाळी त्यांच्याकडे रांग आणि मी गल्ल्यावर माशा मारत. बायको म्हणाली, गाळा भाड्याने देऊ, घरात बसून तेवढेच पैसे येतील. हिशेब तिचा बरोबर होता. दलाल दोनदा येऊन गाळा मोजून गेला.

डिसेंबरच्या मध्यावर आंटी आल्या. हातात वहीचा कागद, त्यावर त्यांच्या आखीव अक्षरात वाडीतल्या घरांची यादी. कुणाचे किती डबे, कुठल्या दिवशी, कुणाचा मोठा. खाली बेरीज, आणि त्या बेरजेचा चेक आगाऊ. पेन्शनच्या खात्यातला. ‘‘घराघरातून मी नंतर घेईन, तू मैदा भर,’’ एवढंच बोलल्या. तोच चेक दाखवून मी लोणीवाल्याला तयार केलं. त्या आठवड्यात भट्टी रात्रंदिवस चालली. समोरच्या दुकानात लोकांचे डबे भाजून मिळत नव्हते, आणि सुटे पैसे नसलेल्या माणसाला घरचाच केक परवडत होता. दलालाला मी चहा पाजून परत पाठवला.

नवीन मुलं विचारत नाहीत, तरी सांगतो. समोरच्याने भाव पाडला म्हणून आपण पाडू नये. लोणी कमी करून डालडा वाढवला की भाव बसतो, पण गिऱ्हाइकाची जीभ चार महिन्यांत हिशेब चुकता करते. सवलत द्यायचीच असेल तर कडेचे तुकडे चाखायला द्या. कारागिराचा पगार सणाच्या आधी द्या, नंतर नाही. आणि भट्टीचं दार चाळा म्हणून उघडू नका, मधोमध बसलेला केक परत फुगत नाही.

काचेचं दुकान २०१९ ला बंद झालं. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मी आनंद मानला नाही असं लिहिलं तर आमचा मुलगाच हसेल.

२०२० च्या डिसेंबरात २२ तारखेपासून रात्री अकरा ते सकाळी सहा संचारबंदी लागली. चर्चमधला मध्यरात्रीचा मिस्सा, म्हणजे नाताळची प्रार्थना नाही, रात्रीची गर्दी नाही. डबे दुपारी घेतले, संध्याकाळी दिले. कराचं म्हणाल तर २०१७ च्या जीएसटीत एकाच भट्टीतून निघालेल्या पावाला शून्य आणि केकला १८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून केक पाच टक्क्यांवर आला, तेव्हा आठ वर्षांचं ओरडणं कुणीतरी ऐकलं म्हणायचं. भट्टी त्याच विटांची आहे, पण जाळ आता गॅसचा. उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुंबईतल्या बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडायला सहा महिने दिले, तेव्हा आमचं काम आधीच झालेलं होतं. बर्नरही आम्ही डावीकडेच बसवला. आंटींची सून आता डबे आणते आणि तीही डावीकडे लावू देत नाही.

यंदा डबे २० तारखेपासून घेऊ. २४ ला दुपारी दोननंतर कुणी कितीही ओळखीचं असलं तरी घेणार नाही. डबा काठोकाठ भरू नये, एक तृतीयांश रिकामा ठेवावा. उतू गेलेलं खरवडायचे पैसे वेगळे पडतील. काचेची भांडी चालणार नाहीत. बिल्ला हरवला तर केक सगळ्यांचे नेऊन झाल्यावर मिळेल.