चौथा भिडू

लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मेंढीकोटला चौथा भिडू कमी पडला की मोठी भावंडं मला हाक मारायची. एरवी मी लिंबूटिंबू. पन्नाशीला येऊन तीच हाक न्यूजर्सीत पुन्हा ऐकायला मिळेल, आणि तीही गोल्फच्या मैदानावर, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

गोल्फच्या काठ्यांचा सेट खरं तर नवऱ्याचा. ऑफिसातले साहेब लोक खेळतात म्हणून हौसेने आणला, चारदा खेळला आणि गॅरेजमध्ये लोणच्याच्या बरण्यांशेजारी उभा करून ठेवला. माझ्या डोक्यात गोल्फ म्हणजे येरवडा. गोल्फ क्लब रोडवरून सायकलने जाताना कुंपणापलीकडचं हिरवंगार काहीतरी दिसायचं. ते आपल्यासाठी नाही, हे कुणी सांगावं लागलं नव्हतं. इथे कळलं, की पिस्कॅटवेचा रॅरिटन लँडिंग हा गोल्फ कोर्स चक्क काउंटीचा (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) आहे. म्हणजे नगरपालिकेची बाग जशी सगळ्यांची, तसा. काउंटीत राहत असल्याचा पुरावा दाखवून कार्ड काढलं की फी कमी. माझ्या पाकिटात ते लायब्ररीच्या कार्डामागेच बसलंय.

एकट्याने गेलं की पहिला चेंडू मारायच्या जागेजवळचा स्टार्टर, म्हणजे खेळाडूंना नंबराने सोडणारा माणूस, यादीवर नजर फिरवतो आणि तिघांच्या घोळक्यात आपल्याला ढकलून देतो. झाले चार! पहिल्या दिवशी माझ्या वाट्याला एक निवृत्त पोस्टमन, त्यांचा नातू आणि कपाळावर भलीमोठी टोपी ओढलेल्या कोरियन आजी आल्या. मी जोर लावून काठी फिरवली, चेंडू दवातून खुरडत वीसेक फूट गेला. पोस्टमनआजोबा शांतपणे म्हणाले, "सरळ तरी गेला."

हरवलेला चेंडू शोधायला पूर्वी पाच मिनिटं मिळायची, २०१९पासून तीनच. पण माझ्या सगळ्या ओळखी त्याच तीन मिनिटांत झाल्या आहेत. चौघं कमरेत वाकून झुडपं चाळत असतात, कॅनडाहून आलेल्या (आणि परत जायचं विसरलेल्या) बदकांची शिट चुकवत पाय टाकत असतात, आणि बोलता बोलता कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाच्या मुलीचं लग्न निघतं. कोरियन आजींनी मला मुळा खारवायची कृती अशीच सांगितली. त्या दिवशी माझा चेंडू मिळाला नाही, त्यांना दुसऱ्याच कुणाचे दोन मिळाले.

रॅरिटन लँडिंग आखूड आहे, तरबेज मंडळी त्याला नाकं मुरडतात. मला तोच आवडतो. अठरा होलचा अख्खा डाव झाला तरी दुपारचा स्वयंपाक वेळेवर होतो. प्लेन्सबरोचा मेडोज अरुंद, दोन्ही बाजूंना दलदल. तिथे जाताना जुने चेंडू न्यावेत. सॉमरसेट काउंटीचा नेशॅनिक व्हॅली मात्र देखणा, सत्तावीस होलचा, शिवाय शिकाऊंसाठी नऊ होल वेगळे. पाहुणे आले की मी तिथे नेते, घरचं चांगलं ताटवाटी काढावं तसं.

एकदा लाँग आयलंडच्या बेथपेजलाही गेलो. सरकारी पार्कातले पाच कोर्स, त्यातला ब्लॅक सगळ्यात कडक. २००२ आणि २००९ची गोल्फची यूएस ओपन तिथे झाली, २०२५चा रायडर कपही. तरीही तो सगळ्यांना खुला. नंबर लागावा म्हणून लोक पार्किंगमध्ये गाडीतच रात्र काढतात. सुरुवातीलाच पाटी आहे : हा कोर्स अतिशय अवघड, फक्त निष्णात खेळाडूंसाठी. खेळताना फिरायला गाडी मिळत नाही, सगळं पायी. मी पाटीशेजारी फोटो काढला आणि मुकाट्याने तिथल्याच यलो कोर्सवर गेले.

मागच्या भारतवारीत खारघरला सिडकोचा कोर्स पाहिला. डोंगराच्या कुशीत, पैसे भरून खेळता येणारा. बहिणीला म्हटलं, "चल ना." ती म्हणाली, "वेडी आहेस का, ऊन बघ."

परवा नवरा गॅरेजमधून बाहेर आला आणि जरा चाचरतच म्हणाला, "तुमच्यात कधी चौथा भिडू लागतो का गं?"

मी म्हटलं, "लागतो की. पण सेट कुठाय तुझ्याकडे?"